उजवीकडून शिवलेलं पुस्तक

करीमचाचा,

तुमचं पोस्टकार्ड मला वेळेवर मिळालं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. ढाणकीला पोस्टमन शाळेतच टपाल देऊन जातो. तिसरीचा गणिताचा तास चालू होता, तेव्हा त्याने कार्ड माझ्या हातात ठेवलं. अक्षर पंचायतीतल्या कारकुनाचं, पण बोलणं सगळं तुमचं. ‘शकू बेटा, हात थरथरून राह्यला. एक पुस्तक बाकी आहे. एकदा येऊन सांगून जाय, कोणत्या बाजूनं शिवू.’ वाचून मला हसू आलं. कार्ड हजेरीपटात ठेवलं आणि मनाशी म्हटलं, परीक्षा आटोपल्या की जाऊ. परीक्षा संपायच्या आतच तुम्ही गेलात.

ढाणकीहून बाभुळगाव म्हणजे तीन मोटारी बदलायच्या, हे खरं आहे. पण एक दिवसाची रजा मागितली असती तर हेडमास्तरांनी दिली असती, हेही खरं आहे. मी मागितली नाही. तुम्ही आहातच, कुठे जाता, असं धरून चालले होते.

तुम्ही आता म्हणाल, ‘बाप्पा, मास्तरीणबाई झाली अन् पुस्तकी बोलून राह्यली.’ असू द्या. समोर असतात तर तुमच्यासारखंच बोलले असते. आता लिहायचंच आहे, तर शाळेत शिकवते तसं लिहिते.

बाबा दीक्षेला नागपूरला गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, दुसरीत. ते परत आले ते पांढऱ्या कपड्यांत, पाय सुजलेले आणि चेहरा असा उजळलेला की आई पाणी द्यायचंच विसरली. आल्या आल्या त्यांनी भिंतीतल्या देवळीतले देव काढून कापडात बांधले. रिकामी देवळी मला भकास दिसायला लागली. मग त्यांनी पिशवीतून सुतळीने बांधलेली सुटी पानं काढली. नागपूरच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना ती मिळाली होती. वरचं पान फाटून गेलेलं, त्यामुळे नाव नाही. शिवणीची कडही कुणीतरी कापून टाकलेली. पण पानापानावर एक रंगीत चित्र आणि चित्राखाली दोन ओळींचं गाणं. बाबांनी ती पानं देवळीत ठेवली आणि म्हणाले, "आता इथं वाचाची चीज राहीन."

चार दिवसांनी ते राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला गेले. जाताना आईला सांगून गेले, "तेवढं पुस्तक करीमभाईकडून शिवून घेजो."

तुमचं दुकान मी तोवर लांबूनच पाहिलं होतं. बाजारओळीच्या टोकाला, चार पायऱ्यांचा ओटा, आत चटई, लाकडी शिकंजा आणि त्यात दाबून ठेवलेली रजिस्टरं. तुम्ही खळीत मोरचूद कालवत बसला होता. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून ते घालतात, हे मला काय माहीत. तुमची बोटं निळी झालेली पाहून मी पायरीवरच थबकले.

"भेव नोको. कोन्याची वो तू?"

"दशरथची."

"नागपूरले गेलता तो?"

"हाव."

मी पानं पुढे केली. तुम्ही ती घेतली नाहीत. आधी उठलात, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतलेत, पंच्याने पुसलेत आणि मग दोन्ही हातांत घेतलीत. कुठलंही पुस्तक घेताना तुम्ही असंच करायचात, हे मला पुढे कळलं. पण त्या दिवशी मी नुसती बघत राहिले. आमच्या हातून काही घेतल्यावर हात धुणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. घेण्याआधी धुणारे तुम्ही पहिले. घरी जाऊन आईला सांगितलं, तर तिने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आणि चाचा, एवढ्या मानाने घेतलेलं पुस्तक तुम्ही उलटं शिवलंत!

त्यात नवल काही नव्हतं. तुम्ही कामाला हात घातला तोच उर्दू पुस्तकांवर. तुमच्या वडिलांपासून मशिदीतली सगळी पुस्तकं तुमच्या घरी जिल्द बांधायला यायची, आणि त्यांची शिवण उजव्या हाताला. मराठी गिऱ्हाइकं आणायची ती पंचायतीची नि सोसायटीची कोरी रजिस्टरं, त्यांना सुलटं काय आणि उलटं काय. मराठी तुम्ही आमच्यासारखीच बोलायचात, पण वाचता येत नव्हती. माझ्या पुस्तकाला ना नाव होतं, ना पानांवर आकडे. हाताला सवय होती तसा हात चालला. मी मराठी शाळेतली. मी ते शिवण डाव्या हाताला धरून उघडलं, आणि शेवटचं पान माझं पहिलं पान झालं.

ते पान मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. निळा डोंगर, ढग, आणि ढगांवर ऐटीत बसलेली एक लाल छत्री.

डोंगरावरती ढगांची गादी,
छत्री बसली सगळ्यांत आधी!

पान उलटलं की छत्री डोंगरावरून निघालेली. मग नदी आणि एका पायावर उभा बगळा.

नदीकाठचा बगळा भोळा,
म्हणतो, कुणाचा हा लाल गोळा?

मग बोरीच्या झाडावरचं माकड, मग शिंपी, मग बाजार, आणि अगदी शेवटी एक घर. घराच्या दारात हसरी बाई, आणि तिच्या डोक्यावर तीच छत्री.

दारात उभी गंगूताई,
डोक्यावर छत्री, ऊनच नाही!

किती सरळ गोष्ट होती. कुठल्या तरी डोंगरावर अडकलेली छत्री नदी, झाडं, बाजार ओलांडून आपल्या घरी येते. पुस्तक घ्यायला आले त्या दिवशी मी तुमच्या ओट्यावर बसूनच ते पहिल्यांदा वाचलं, मोठ्याने. वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. घरी आल्यावर रोज संध्याकाळी आईला वाचून दाखवू लागले. आई चुलीपुढून विचारायची, "आली काय छत्री?" मी म्हणायचे, "आता बजारात आली. दोन पानं राह्यले." राजूर नेमकं कुठे आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. पण वाटेत नदी असणार, झाडं असणार, बाजार असणार, असं मी धरून चालले होते. बाबा त्याच वाटेने येणार होते.

थंडी संपेपर्यंत बाबांचा निरोप येत होता. मग दोन महिने काहीच आलं नाही. आई कुणाला काही विचारत नव्हती. मी दिवसातून तीन-तीनदा पुस्तक वाचायला लागले.

त्याच दिवसांत शाळेत तपासणी झाली. मोठे साहेब खुर्चीवर बसलेले. गुरुजींनी विचारलं, "लाल छत्रीचं गाणं कोणाला येतं?" मला कळलं की माझं पुस्तक ते एकटं माझंच नाही, शाळेच्या पेटीतही ते आहे, सगळ्यांना माहीत आहे. आनंदाने मी हात वर केला. त्या वर्गात मी हात वर करायची ती पहिलीच वेळ. उभी राहिले आणि ठणठणीत आवाजात सुरू केलं, "डोंगरावरती ढगांची गादी..."

"अगं, ते शेवटचं. पहिल्यापासून म्हण."

"हेच पहिलं आहे, गुरुजी."

वर्ग हसला. साहेबही हसले, चांगल्या मनाने हसले असतील. गुरुजींनी पेटीतलं पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. पहिल्या पानावर दारातली गंगूताई. मग वारा सुटतो, छत्री तिच्या हातून निसटते, बाजारावरून, शिंप्यावरून, माकडावरून, बगळ्यावरून उडत उडत जाते आणि डोंगरावर जाऊन बसते. पुस्तक संपतं. मागून कोणी तरी म्हणालं, "या लोकायचं सारंच उलटं." हसणं पुन्हा फुटलं.

ते हसणं मी पचवलं असतं, चाचा. तशी सवय होती. पण मी त्या शेवटच्या पानाकडे बघत राहिले. डोंगरावर छत्री आहे आणि आसपास माणूस नाही. ती घरी येतच नाही. खऱ्या पुस्तकात ती कधीच घरी येत नाही.

शाळा सुटल्यावर मी घरी गेले, देवळीतून पुस्तक काढलं आणि तुमच्या दुकानात आले. दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. त्यांच्यादेखत मी ओरडले, "तुम्हाले मराठी वाचता येत नाही, त माह्या पुस्तकाले हात कायले लावला?"

तुम्ही सुई खाली ठेवलीत. "काय झालं बेटा?"

"उलटं शिवलं तुम्ही. सारी शाळा हसली मले."

गिऱ्हाइकांपैकी एकजण म्हणाला, "करीमभाई, लेकरू पाहा कसं बोलून राह्यलं." तुम्ही त्याला हाताने गप्प केलंत. मला म्हणालात, "आण इकडं. उसवून देतो, आत्ता."

"नोको मले!" मी ते पुस्तक चटईवर फेकलं. ते खळीच्या भांड्यावर आपटलं, निळी खळ सांडली, पुस्तकाचा कोपरा भिजला. तुम्ही आधी पुस्तक उचललंत, मग भांडं. मी पळाले. सात-आठ वर्षांच्या पोरीचा राग तो, लोक हसून सोडून देतील. पण पळता पळता मी एकदा मागे पाहिलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, आपल्या हातांकडे बघत होता. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

उन्हाळ्यात बाबा आले. नखांत कोळसा, अंगाने अर्धे झालेले, पण आले. आजारी होते म्हणून निरोप नव्हता. मी त्यांच्या मांडीवर बसून पुस्तकाचं गाऱ्हाणं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग थांबले. "उलटं त उलटं," म्हणाले, "मी त आलो ना?" आणि मग, "तू चाचाले असं बोलली? जाय, माफी माग."

मी गेले नाही. उद्या जाते म्हटलं. मग लाज वाटायला लागली. लाज जुनी झाली की पाय जास्तच जड होतात.

तुम्हीच ती कोंडी फोडलीत. जूनमध्ये बाबांनी तिसरीची जुनी पुस्तकं जिल्द बांधायला तुमच्याकडे नेली आणि मला मुद्दाम सोबत घेतलं. मी बाबांच्या मागे उभी. तुम्ही हात धुतलेत, पुस्तकं घेतलीत, वरचं पुस्तक माझ्यापुढे धरलंत आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलंत, "बोला बाईसाहेब, कोणत्या बाजूनं?"

मला हसू फुटलं. "डाव्या, चाचा."

तेव्हापासून दर जूनला हेच. चौथी, पाचवी, थेट फायनलच्या परीक्षेपर्यंत. मी पुस्तकं घेऊन यायची, तुम्ही विचारायचं आणि मी सांगायचं. चाची दुकानामागच्या घरातून म्हणायच्या, "झालं काय तुमचं सुरू?" थोडी मोठी झाल्यावर मी भांडायलाही लागले. म्हणायचे, "चूक ती चूकच, कबूल करा." तुम्ही म्हणायचात, "चूक काय त्यात? तूच उजवीकडून उघडाचं होतं." मी म्हणायचे, "मराठी पुस्तक उजवीकडून कोणी उघडते काय?" तुम्ही म्हणायचात, "माह्या घरी सारेच उघडतेत." या भांडणाला शेवट नव्हता आणि दोघांनाही तो नको होता.

ते पुस्तक मात्र तुम्ही मला पुन्हा दाखवलं नाहीत. एकदा, ट्रेनिंगला यवतमाळला जायच्या आदल्या दिवशी, मी विचारलं होतं. "आहे ना. जाते कुठं?" म्हणालात. मग मी विचारलं, "खरं सांगा, ते चुकून झालं का मुद्दाम?" तुम्ही दोरा मेणावरून ओढत होता. मान वर न करता म्हणालात, "तुले काय वाटते?" मी म्हटलं, चुकूनच. "मंग चुकून," तुम्ही म्हणालात. इतक्या लवकर तुम्ही कधी हार मानत नव्हता. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

परीक्षा आटोपून मी शनिवारी दुपारी बाभुळगावला उतरले. घरी पिशवी ठेवायलाही गेले नाही, सरळ बाजारओळीत आले. दुकानाला कुलूप. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "तुम्हाले माहीत नाही काय? गुरुवारी गेले ना चाचा." मी त्या ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले, लहानपणी बसायचे तिथेच. किती वेळ बसले ते कळलं नाही. त्या बिचाऱ्याने पाणी आणून दिलं.

मग घरी गेले तुमच्या. चाचींना रिवाजाप्रमाणे नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला पाहून त्या रडल्या नाहीत. मीच रडले, आणि त्यांनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, "वाट पाह्यली तुही." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. कार्ड, हजेरीपट, आणि त्याच्याही मागचं ते चटईवर फेकलेलं पुस्तक. मी म्हटलं, "चाची, मी त्यायची माफी मागतलीच नाही कधी. त्यायची चूक होती, पण मी लई वंगाळ बोलली."

चाचींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "चूक होती, हे त्याइले त्याच दिवशी समजलंतं."

"कोण्या दिवशी? मी भांडली तेव्हा?"

"नाई वो. तू पुस्तक न्याले आलती, त्या दिवशी. तू ओट्यावर बसून वाचून राह्यलती, अन् पंचायतीतला कारकून रजिस्टर घेऊन आला. तो ऐकून हसला. म्हणे, करीमभाई, पुस्तक उलटं शिवलं तुम्ही. हे उठले. तुह्या हातून घेऊन उसवणारच होते. तेवढ्यात तू पुस्तक मिटलं अन् त्याइले म्हणाली, ‘चाचा, माहा बाप बी असाच येईन राजूरहून.’" चाचींनी पदराने डोळे टिपले. "मंग त्याइनं सुई खाली ठेवली. कारकुनाले म्हणे, तू काही बोलू नोको. राहू दे तसंच, तिचा बाप येयेपर्यंत."

मला हे वाक्य आठवत नाही, चाचा. मी म्हणाले असेन. सात वर्षांची पोर काहीही म्हणते. तुम्ही ते ऐकलंत आणि तुमच्या हाताची चूक, चूक आहे हे कळूनही, माझ्यासाठी तशीच राहू दिलीत. चांगल्या कारागिराला हे किती जड जात असेल, ते मला आता कळतं. आणि मी गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला म्हटलं, तुम्हाला मराठी वाचता येत नाही. एका वाक्यात तुम्ही माझं तोंड बंद करू शकला असता. बाबा परत आल्यावर सांगू शकला असता, मी मोठी झाल्यावर सांगू शकला असता, त्या यवतमाळच्या आदल्या दिवशी तर मी विचारलंच होतं. तुम्ही म्हणालात, ‘मंग चुकून.’

माझं चुकलं, चाचा. हे दोन शब्द घेऊन मी अकरा वर्षं तुमच्या दुकानात ये-जा केली आणि दर वेळी तसेच परत नेले. आता इथे लिहिते. तुम्हाला वाचता आलं नसतं, हे ठाऊक असूनही लिहिते. तुम्ही कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंत आणि म्हणाला असता, ‘एवढं लांबलचक कायले लिहिलं वो? समोर येऊन सांगाचं होतं.’ तेच तर झालं नाही.

चाचींनी फळीवरून एक कापडाची गुंडाळी काढून माझ्यापुढे सोडली. आत तीच पानं. सुटी. तुम्ही जुनी शिवण उसवून ठेवली होती. सगळ्यांच्या कोपऱ्याला निळा डाग, माझ्या हातचा. दोन नवे पुठ्ठे कापलेले, वर लावायला लाल कापड, आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं एक रीळ. पानांच्या उजव्या कडेला जुन्या शिवणीची भोकं तशीच होती. डावी कड कोरी. तुम्ही तिथे टोचा लावला नव्हता. मला विचारल्याशिवाय तुम्हाला तो लावायचा नव्हता.

"त्याइच्यानं सुई धरवत नव्हती," चाची म्हणाल्या, "मी म्हटलं, मी शिवतो. म्हणे, तिले येऊ दे."

तुमच्याकडच्या कित्येक जुजांची, म्हणजे पानांच्या जुड्यांची, शिवण चाचींच्या हातची असायची, हे बाजारात कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्यांनी आतून सुई आणली, दोरा ओवला. मग उठून हात धुतले, पुसले, आणि पानं मांडीवर घेतली. गंगूताईचं पान वर होतं.

मी माझ्या वर्गाचा विचार करत होते. ढाणकीच्या शाळेत माझ्यापुढे चाळीस पोरं बसतात. त्यांतल्या कित्येकांचे बाप कुठे कुठे कामाला गेलेले आहेत, आणि ती पोरं त्याबद्दल वर्गात काही बोलत नाहीत. जूनमध्ये मी हे पुस्तक त्यांना वाचून दाखवणार आहे. एखादं हुशार पोर उठून म्हणेल, बाई, हे उलटं आहे. त्याला मी काय सांगायचं ते मला माहीत आहे.

"बोल बेटा," चाची म्हणाल्या, "कोणत्या बाजूनं?"

इतकी वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं.

"उजव्या," मी म्हणाले. "छत्री घरी येऊ द्या."

चाचींनी मान हलवली आणि पहिल्या जुन्या भोकातून सुई घातली.